हस्तिदंतावरचे चेहरे : एकोणिसाव्या शतकातलं लघुचित्र हाती आलं तर काय करायचं?

तळहातात मावेल एवढी चौकट. काचेखाली लाल डगल्यातला एखादा तरुण, मागे ढगाळलेलं आभाळ. चौकट उलटी केली की दुसऱ्या काचेखाली वेणीसारखी विणलेली केसांची बट. १८०० ते १८५० या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरांत अशी जलरंगातली व्यक्तिचित्रं असायचीच. मुलगा कंपनीच्या चाकरीत मद्रासला निघाला, मुलीचं लग्न ठरलं, घरात कुणी गेलं, की चित्रकाराला बोलावणं जायचं. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरनं शोधलेला फोटो आला आणि या कलेचा बाजार बसला. लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनात १८३० साली सुमारे ३०० लघुचित्रं होती. १८६० साली ६४ उरली आणि १८७० साली ३३.

चित्रं मात्र घराघरांत राहिली. ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या हाती ती दोन वाटांनी येतात: सासरच्या गोऱ्या आजीच्या दागिन्यांतून, नाहीतर जुन्या वस्तूंच्या बाजारातून. भारतात कंपनीकाळातल्या कुटुंबांच्या साठवणीतून अधूनमधून एखादं वर येतं. अशा वेळी काय करावं, हे इथे क्रमानं देतो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: या वस्तूचं निम्मं मोल पाठीमागच्या बाजूला असतं, आणि ते घालवण्याचं काम बहुतेक वेळा हौसेनं चित्र ‘साफ’ करणारा घरचाच माणूस करतो.

आधी, काय करायचं नाही

पुसायचं नाही. कागदावर जलरंग थोडा तरी आत शिरतो. हस्तिदंत गुळगुळीत असतो, त्यात रंग शिरत नाही. डिंकाच्या जोरावर नुसता वर बसलेला असतो. चित्रावरून ओलं बोट फिरलं की भुवई गेलीच म्हणून समजा. काच वर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काच पुसायचा स्प्रे मारला तर तो कडेनं आत झिरपतो. काचेवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटका, तेवढं पुरे.

उघडायचं नाही. हस्तिदंताचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि अनेकदा मागच्या पुठ्ठ्याला डकवलेला असतो. काच, चित्र आणि पुठ्ठा यांच्या कडेनं एक अर्धपारदर्शक पट्टी गुंडाळलेली दिसेल. सोन्याचा वर्ख कुटताना वापरतात तीच ही जनावराच्या आतड्याची पातळ कातडी. ती मूळची असेल आणि शाबूत असेल, तर आतलं चित्र चित्रकारानं बंद केलं तसंच आहे याचा तो पुरावा. चाकूच्या टोकानं ती कापली की पुरावाही गेला आणि धूळ अडवणारा बांधही.

आणि गरम सुई टोचून हस्तिदंत ओळखायची जी युक्ती इंटरनेटवर फिरते, ती विसरून जा. वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर पेट घेऊ शकते, आणि हस्तिदंत असला तर तुम्ही त्याला कायमचं भोक पाडलेलं असतं.

हाताळताना टेबलावर जाड टॉवेलाची घडी पसरा, चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि चौकट कडांनी धरा. वरच्या कडीला धरून उचलू नका. दीडदोनशे वर्षांत ती झिजलेली असते.

फोटो काढा, मापं घ्या

पुढची बाजू, मागची बाजू, चारही कडा, आणि असेल तर डबीचं आतलं अस्तर. प्रत्येक फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो दिवा अगदी बाजूला, खाली धरून काढा. अशा तिरक्या उजेडात पत्र्याची वक्रता, बारीक चिरा आणि सुटू लागलेले रंगाचे पोपडे दिसतात, समोरून दिसत नाहीत. फ्लॅश नको.

भिंगाखाली: रंग, छपाई की फोटो?

इथे वेळ काढा, खरी मजा इथेच आहे. सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

हातानं काढलेल्या चित्रात चेहरा सलग रंगवलेला नसतो. गालावर अतिशय बारीक ठिपके किंवा एकमेकींवरून जाणाऱ्या केसाएवढ्या रेघा दिसतात: गुलाबी, निळसर, करड्या. साध्या डोळ्यांना त्या मिसळून त्वचा होते. जिथे उजेड सर्वांत जास्त, तिथे चित्रकारानं काहीच काढलेलं नसतं. तो नुसता हस्तिदंत असतो. कपाळाला जी आतून आल्यासारखी झळाळी असते ती याचीच. याउलट कॉलरची लेस किंवा मोत्यांची माळ पाहा: तिथे दाट पांढरा रंग जरा उंच उठलेला असतो. काळ्या कोटाच्या खोल सावल्यांत डिंक जास्त घातल्यानं चकाकी येते. अँड्र्यू रॉबर्टसन या स्कॉटिश चित्रकारापासून हस्तिदंतावर मोठी, चौकोनी, तैलचित्रासारखी भारदस्त चित्रं काढायचं वळण पडलं. डिंकाची ही चमक त्या धाटणीत ठळक दिसते.

भिंगाखाली एकसारख्या अंतरावर शिस्तीत मांडलेले ठिपके दिसले तर ती छपाई. चेहऱ्याच्या सावल्या धुरकट सलग आहेत, कुठेच ठिपका नाही की रेघ नाही, आणि फक्त ओठ-डोळे-दागिने वरून रंगवलेत, असं दिसलं तर खाली बहुधा फोटो आहे. १८६० नंतर असा प्रकार सर्रास चाले. पोटासाठी बरेच लघुचित्रकार फोटो रंगवू लागले होते, तेव्हा त्याला बनावट म्हणू नका. तोही त्या काळाचा एक खरा ऐवज आहे, फक्त वेगळा.

खऱ्या अर्थानं सावध राहायचं ते १९०० च्या आसपासच्या शोभेच्या मालापासून. अठराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारणीसारखी नटलेली सुंदरी, कोपऱ्यात कुणा नामांकित चित्रकाराची ठसठशीत सही, आणि भोवती पिवळसर पट्ट्यांची चौकट. या पट्ट्या बऱ्याचदा पियानोच्या पट्ट्यांवरच्या हस्तिदंताच्या असतात. असा माल पर्यटकांसाठी ढिगानं बनला. चित्र हातानं काढलेलं असेलही, पण ती सुंदरी कुणाची पणजी नव्हती.

रंग कशावर आहे?

एकोणिसाव्या शतकात तीन शक्यता जास्त: हस्तिदंत, कागद, आणि शतकाच्या अखेरीला सेल्युलॉइड. हस्तिदंताचा पत्रा उभा कापलेला असेल तर त्यात किंचित नागमोडी, एकमेकींना समांतर पण तंतोतंत सारख्या नसलेल्या रेषा दिसतात. सेल्युलॉइडमध्ये नक्कल म्हणून घातलेल्या रेषा फार सरळ, फार शिस्तशीर असतात. कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल तर सेल्युलॉइडचा संशय घ्या आणि ती वस्तू बाकीच्या दागिन्यांपासून लगेच वेगळी ठेवा. ते कुजताना निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या धातूलाही खाते.

कागदावरचं चित्र म्हणजे हलकं, असा समज असेल तर तो काढून टाका. अमेरिकेत गावोगाव फिरणारे चित्रकार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे काम करत. रूफस पोर्टर याच्या १८२० च्या सुमाराच्या जाहिरातीत दरपत्रकच आहे: कापलेली छायाकृती २० सेंट, एका बाजूनं रंगवलेला चेहरा २ डॉलर, समोरून ३ डॉलर, आणि हस्तिदंतावरचं लघुचित्र ८ डॉलर. शेतकऱ्याच्या घरात कागद, वकिलाच्या घरात हस्तिदंत. त्यामुळे चित्र कशावर आहे, यावरून ते घर कसं होतं याचाही अंदाज येतो.

काळ ठरवायचा कपड्यांवरून आणि चौकटीवरून

सही आणि साल असेल तर उत्तमच. बहुतेकांवर नसते. मग पोशाख बघा. पुरुषाच्या केसांना पांढरी पूड असेल तर चित्र बहुधा १८०० च्या आधीचं. ब्रिटनमध्ये १७९५ साली या पुडीवर कर बसला आणि ती फॅशन झपाट्यानं ओसरली. छातीखाली लगेच कंबर आणि पांढरी मलमल असेल तर १८०० ते १८२० च्या दरम्यान. बाह्या खांद्यापासून फुग्यासारख्या फुगलेल्या आणि केसांचा डोक्यावर उभा अंबाडा असेल तर जवळपास नक्की १८३० चं दशक, तेही पहिली सहा-सात वर्षं. मधोमध भांग, कानांवरून चापून बसवलेले केस म्हणजे १८४० चं दशक. भरघोस दाढीचा इंग्रज लष्करी अधिकारी बहुधा क्रिमियाच्या युद्धानंतरचा, म्हणजे १८५५ च्या पुढचा. अर्थात म्हाताऱ्या बायका तरुणपणीचीच टोपी घालून बसत, हे लक्षात ठेवा. पोशाखावरून काळ ठरवायचा तो तरुणांच्या चित्रांत.

चौकटही बोलते. काळी, चकचकीत, कागदाच्या लगद्याची किंवा लाकडाची चौकोनी चौकट आणि वर टांगायला ओकच्या फळाच्या आकाराची पितळी कडी: ही इंग्लंडमधली १८०० ते १८४० ची. चामड्याची, बिजागरीची, पुस्तकासारखी उघडणारी डबी अमेरिकेत १८३० नंतर दिसते. पुढे तसल्याच डब्यांत दागेरचे फोटो बसू लागले. पण चौकट बदलता येते, चित्रातली टोपी बदलता येत नाही. दोघींचं जुळत नसेल तर टोपीचं ऐका.

भारतात काम केलेल्या चित्रकारांत जॉन स्मार्टची खूण फार सोयीची आहे. तो १७८५ ते १७९५ मद्रासला होता. त्या काळातल्या चित्रांवर ‘जे. एस.’ या आद्याक्षरांनंतर साल आणि त्यापुढे इंडियाचा ‘आय’ असतो. दिल्लीचे चित्रकार पुढेही हस्तिदंतावर काम करत राहिले: साहेबांचे चेहरे, मोगल बादशहा, आणि दागिन्यात जडवायला ताजमहाल. लॉकेटमध्ये शाहजहान दिसला तर तो तुमच्या घराण्याचा नसून चांदणी चौकातल्या दुकानाचा असण्याची शक्यता जास्त.

आता उलटं करा

मागच्या बाजूला काय काय सापडू शकतं? केसांची बट: कधी नुसती वळलेली, कधी चटईसारखी विणलेली, कधी सोन्याच्या तारेनं बांधून पिसाच्या आकारात बसवलेली. बारीक मोती. सोन्यात कापलेली आद्याक्षरं. कडेला कोरलेली मृत्यूची तारीख आणि वय. कागदी बंद असेल तर चित्रकाराचा पत्ता छापलेली चिठ्ठी; शहराच्या जुन्या रहिवासी यादीत तो चित्रकार त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होता हे सापडलं की चित्राचा काळ दोन-तीन वर्षांच्या आत येतो. अस्तर म्हणून भरलेला खेळायचा पत्ता किंवा वर्तमानपत्राचा तुकडाही निघतो, पण तो संवर्धकानं, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं काम शिकलेल्या माणसानं, उघडल्यावर. त्याला आधीच सांगून ठेवा की आतला एकही कपटा फेकायचा नाही.

केस चित्रातल्या माणसाचेच असतात असं धरून चालू नका. नवऱ्याचं चित्र, मागे बायकोचे केस, असंही असतं. दोन रंगांचे केस एकत्र विणलेले असतील तर दोन माणसं.

घराण्याचा माग

लोक अडतात ते आडनावाच्या वंशावळीत शोधायला गेल्यामुळे. ही चित्रं दागिना म्हणून बायकांच्या अंगावर असत, आणि दागिना बरेचदा आईकडून मुलीकडे जातो. प्रत्येक पिढीत आडनाव बदलतं. म्हणून आजच्या मालकापासून मागे जाताना आधी आयांची साखळी लावा: आई, आजी, तिची आई, आणि प्रत्येकीचं माहेरचं आडनाव. आद्याक्षरं त्या माहेरच्या नावांशी ताडून बघा. ‘आमच्या पणजीची पणजी’ ही घरातली समजूत पोशाखाशी जुळत नसेल, तर समजूत सरसकट खोटी नसते. बहुधा एखाद-दुसऱ्या पिढीनं घसरलेली असते.

तेच चित्र दुसऱ्या चुलत घरात सापडलं तर घाबरू नका. मुलांत वाटता यावं म्हणून एकाच चित्राच्या प्रती करून घ्यायची चालच होती.

कंपनीच्या चाकरीतला माणूस असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची ऑनलाइन सूची बघा. गणवेशाच्या गुंड्यांवर पलटणीचा आकडा असेल तर शोध फार लवकर संपतो. भिंग पुन्हा काढा. १८५८ आधीची कँटरबरीच्या न्यायालयात नोंदलेली इंग्लंडची मृत्युपत्रं तिथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ‘माझं लहान चित्र अमक्या भाचीला’ अशा धर्तीचं वाक्य त्यांत मिळालं, तर तुमच्या चित्राला वाली मिळाला. तुलनेसाठी लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन संग्रहालय) यांचे संग्रह ऑनलाइन चाळा.

मेटमध्येच घराण्यानं चित्र सांभाळण्याचं सर्वांत विलक्षण उदाहरण आहे. बॉस्टनची लघुचित्रकार सॅरा गुडरिज हिनं १८२८ साली हस्तिदंतावर स्वतःच्या उघड्या वक्षाचं चित्र काढलं, जेमतेम ६.७ गुणिले ८ सेंटिमीटर, भोवती पांढऱ्या वस्त्राची वळणं. ते तिनं सिनेटर डॅनियल वेब्स्टरला दिलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याची बायको वारली होती. वेब्स्टरनं पुढच्या वर्षी दुसरीशीच लग्न केलं, पण चित्र ठेवून घेतलं, आणि त्याच्या मागे वारसांनी ते १९८० च्या दशकाच्या तोंडापर्यंत सांभाळलं. चित्रात चेहराच नाही. ते कुणाचं, कुणासाठी, हे कळतं ते कुणाकडे राहिलं त्यावरून. वारसांनी मधेच कुठेतरी नावाशिवाय विकलं असतं, तर आज ती एक निनावी गंमत असती.

जपणूक

दोन शत्रू: उजेड आणि हवेतला ओलावा. उजेडानं आधी गुलाबी जातो. लालसर लाखरंग फिका पडला की चेहरे निळसर, आजारी दिसतात, आणि तो परत आणता येत नाही. संग्रहालयं जलरंगासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर जात नाहीत. घरात याचा अर्थ एवढाच की भिंतीवर टांगू नका, डबीत ठेवा, बघावंसं वाटलं की काढून बघा. ही चित्रं मुळात तशीच बघायची होती.

ओलाव्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड. हस्तिदंत हवेतलं पाणी शोषतो आणि सोडतो; पातळ पत्रा लाकडाच्या फळीसारखा वाकतो, आणि डकवलेला असेल तर वाकता न आल्यानं उभा चिरतो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. मुंबईच्या जुलैत ती ८० च्या वर जाते आणि डिंकावर बुरशी धरते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती इतकी उतरते की चीर पडते. एसी रात्री चालू, दिवसा बंद, हा प्रकार तर दोन्हींपेक्षा वाईट. म्हणून आम्लमुक्त कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कपाटात, कपाट घराच्या आतल्या भिंतीला. डब्यात शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. सुकवलेली सिलिका जेल मूठभर टाकून मोकळं होऊ नका; ती डब्यातली हवा वाळवंटासारखी कोरडी करते. डांबरगोळ्या आणि कापूर तर नकोच.

काच महिन्यातून एकदा तिरक्या उजेडात तपासा. आतल्या बाजूनं बारीक थेंब किंवा पांढरट धुकं दिसलं तर तो पावसाळ्याचा दमटपणा नव्हे. जुन्या काचेत क्षार जास्त आणि चुना कमी असला तर ती अशी पाझरते, आणि ते थेंब अल्कधर्मी असल्यानं रंग खातात. असं असेल, किंवा बुरशी, सुटते पोपडे, नवी चीर दिसली, तर कागद-चित्रांच्या संवर्धकाकडे जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या ‘इन्टॅक’ या संस्थेची केंद्रं इतर शहरांत आहेत. जाताना फोटो घेऊन जा, आणि एकच प्रश्न विचारा: यापूर्वी तुम्ही हस्तिदंतावरचा जलरंग हाताळला आहे का? चित्र दुरुस्त करणारा आणि हे काम जाणणारा यांत फरक आहे.

चिठ्ठी लिहा

आम्लमुक्त कागदावर, पेन्सिलीनं. चित्राला किंवा चौकटीला काहीही चिकटवायचं नाही. चिठ्ठी साधारण अशी असावी:

*तरुण स्त्री, फुगीर बाह्या, निळा पोशाख. हस्तिदंतावर जलरंग, ६ × ४.८ सेंमी. मागे तपकिरी केस व ‘एम. एच.’ ही अक्षरं. सासूबाईंकडून २००४ साली मिळालं. त्यांना त्यांच्या आजीकडून. काळ १८३० ते १८३६, पोशाखावरून. घरात हिला ‘मार्था’ म्हणतात. लेखी पुरावा नाही.*

शेवटचं वाक्य सोडू नका. जे ठाऊक आहे आणि जे नुसतं ऐकलं आहे, ते वेगळं लिहिलं नाही तर दोन पिढ्यांत ऐकीव गोष्टच पुरावा होऊन बसते. एक प्रत डब्यात, एक फोटोंसोबत, एक ज्याच्याकडे चित्र जाणार त्याच्याकडे.

कायद्याचं

हे शेवटी लिहितो आहे, पण खरेदी करणार असाल तर आधी वाचा. ब्रिटनमध्ये हस्तिदंताविषयीचा २०१८ चा कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे. १९१८ पूर्वीच्या, ३२० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठं नसलेल्या लघुचित्रांना त्यात सूट आहे, मात्र विक्रीआधी सरकारी नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊ नका. अमेरिकेत केंद्राचे नियम वेगळे आणि राज्यांचे वेगळे. मराठी मंडळी मोठ्या संख्येनं राहतात त्या न्यू जर्सीत २०१४ पासून विक्रीवर फार कडक बंदी आहे.

लंडनला घेतलेलं चित्र सुटकेसमधून पुण्याला आणायचा विचार मनातही आणू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद आहे. ऑनलाइन लिलावात ‘अँटिक’ म्हणून दिसलं तरी तो गुन्हाच. वारसानं आलं असेल तर ९० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे घोषणा द्यावी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं, म्हणून इथलं चित्र परदेशातल्या मुलीला पाठवता येत नाही. घोषणेसोबत पुढचे-मागचे फोटो, मापं आणि वर दिलेल्या चिठ्ठीची प्रत जोडा. अर्जात वस्तूचं वर्णन लिहायची वेळ आली की तीच उपयोगी पडते.